उंच तारांची गिटार

जयवंतानं तंबाखूच्या सुपात हात घातला आणि "अगं माय वं!" करत असा झटक्यानं मागे घेतला, की मांडीवरचं सूप कलंडलं आणि कापलेली तेंदूची पानं अंगणभर झाली. डाव्या हाताच्या बोटांची टोकं लालभडक झाली होती आणि मधल्या बोटाला चांगली चीर पडली होती. तंबाखू नेमकी त्या चिरेत गेली. तिनं बोट तोंडात घातलं, जिभेला तंबाखू लागली, आणि थू थू करत ती मोरीकडे पळाली.

अंजनाबाई चुलीपुढे बसून लसूण ठेचत होती. तिनं मानही वर केली नाही.

"वाजव अजून गिटार," ती म्हणाली. "बोटं वाजव, हाडं वाजव."

"माय, तुरटी कुठी आहे?"

"डब्यात. कोमट पाण्यात टाक न् बोटं बुडवून बस. मी बिड्या शिकली तवा माझ्या मायनं हेच केलं होतं. पण रडू नको."

जयवंता कुठली रडते! तिला तर हसू येत होतं. बोटाला चीर पडायच्या जरा आधीच भैय्याजीमामाच्या नव्या गाण्याचं दुसरं कडवं तिच्या हातून पहिल्यांदा सरळ निघालं होतं, एकही सूर न चुकता. तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. चीर गेली चुलीत!

गिटार मडमची. मोतीबागेच्या रेल्वे कॉलनीत छोट्या लाईनीच्या, म्हणजे नॅरोगेज गाडीच्या, एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरच्या घरी अंजनाबाईनं कित्येक वर्षं धुणीभांडी केली. पुढे साहेब वारला, मडम मुलाकडे ऑस्ट्रेलियाला निघाली, आणि जाताना ही काळी पेटी अंजनाबाईच्या हातात ठेवून गेली. पेटीत गिटार होती आणि झाकणाच्या खणात बोटाएवढा एक गुळगुळीत, जड लोखंडी तुकडा. तो कशाचा, हे मडमनं सांगितलं नाही आणि अंजनाबाईनं विचारलं नाही. दोघी गळ्यात पडून रडत होत्या, अशा वेळी लोखंडाची चौकशी कोण करतं? घरी आल्यावर अंजनाबाईनं तो हातात तोलून पाहिला आणि लसूण ठेचायला घेतला. लसूण झकास ठेचला जायचा.

गिटार मात्र फळीवर धूळ खात पडली होती. ती खाली काढली भैय्याजीनं. भैय्याजी म्हणजे अंजनाबाईचा धाकटा भाऊ. इंदोरा वस्तीतल्या त्यांच्या गल्लीची गायन पार्टी त्याचीच. गाणी तो लिहायचा, पेटी तो वाजवायचा, आणि पार्टीतली भांडणंही बहुतेक तोच लावायचा. त्या साली पलीकडच्या गल्लीच्या पार्टीनं बेंजो आणला होता, आणि तेव्हापासून भैय्याजीला अन्न गोड लागत नव्हतं.

"बाई, हे सोनं तू फळीवर ठेवलं वं?" तो बहिणीवर ओरडला होता. "यंदा चौदा एप्रिलले, जयंतीच्या स्टेजवर गिटार! त्यायच्या बेंजोले घामच फुटला पाह्यजे."

"वाजवंल कोण?" अंजनाबाईनं विचारलं.

"मी," जयवंता म्हणाली.

मामा हसला. मग तिच्या तोंडाकडे पाहून हसायचा थांबला.

"चार कडवी आहेत," तो म्हणाला. "पूर्ण, न थांबता. मधात थांबली तं लोक हसतीन, न् बेंजोवाले तं टाळ्या वाजवतीन. जयंतीच्या आधीच्या रविवारी ऐकतो. नाही जमलं तं सदरमधला लहानू मास्तर बसंल. ऑर्केस्ट्रात वाजवते तो. मंग माह्यासंग रुसाचं नाही."

जयवंतानं आयुष्यात कशाचाच हट्ट केला नव्हता. बाप लवकर गेला, शाळा सातवीत सुटली, बिड्यांचं सूप मांडीवर आलं, आणि ते सगळं तिनं निमूट घेतलं. पण त्या गिटारीची तार पहिल्यांदा छेडली तेव्हा तिच्या हातापासून खांद्यापर्यंत काहीतरी सरसरत गेलं, आणि तिला कळलं की स्टेजवर आपल्याला बसायचंच आहे, तिथे दुसरं कोणी बसलं तर आपण जन्मभर जळत राहू.

शिकवायला कोणी नव्हतं. गिटार धरायची कशी हे तिनं टॉकीजबाहेरच्या पोस्टरवर पाहिलं. मामा पेटीवर सूर दाबायचा, ती तारेवर तो शोधायची. सापडला की दोघं ओरडायची. कान तिचा लख्ख होता. घोडं अडत होतं बोटांपाशी. तारा दांडीपासून एवढ्या वर होत्या, की खालून पेन्सिल आरपार गेली असती. तार खाली टेकवायची तर मनगटासकट सगळा जोर लावावा लागायचा. जरा ढील पडली की सूर फसकन मरायचा. गिटार म्हणजे हे असंच असणार, असं तिनं धरून टाकलं होतं. दुसरी गिटार जवळून पाहिली होती कोणी?

मग उपायांना ऊत आला. तुरटीचं पाणी झालं, हळद-तेल झालं. शेजारच्या रंभाबाईनं मेंदी थापून दिली. "चामडी टणक होते वं, माह्या सासूच्या टाचाले मी हेच लावतो," असं तिनं खात्रीनं सांगितलं. सासूच्या टाचा आणि आपली बोटं एका माळेत बसलेली पाहून जयवंता हसून हसून बेजार झाली, पण मेंदी लावली. बोटांना चिंध्या बांधून पाहिल्या, तर गिटार सर्दी झाल्यासारखी बोलायला लागली. शेवटी ती थोडं वाजवायची, थोडं थांबायची, पुन्हा वाजवायची. कातडी सोलली, खालून नवी आली, ती जाड निघाली. एक दिवस तव्यावरची भाकर तिनं उघड्या बोटांनी उलटवली आणि चटका बसला नाही. तिनं आईला पुन्हा पुन्हा भाकर उलटवून दाखवली.

"छान," अंजनाबाई म्हणाली. "आता बिडीचं पान हाताले कसं लागते ते सांग."

ते मात्र खरं होतं. टणक बोटांना पानाची शीर कळेना. बिड्या सैल वळल्या जात होत्या आणि कारखान्यात तपासणारा त्या बाजूला फेकत होता. अंजनाबाईला स्वतःला आता वळवत नव्हतं. वर्षानुवर्षं पान वळून तिची बोटं पेरांशी वाकली होती, सकाळी तर मूठही मिटायची नाही. ती पानं कापायची, धागा तोडून द्यायची, वळायचं सगळं जयवंतावर. म्हणून मग जयवंतानं पान अंगठ्याच्या कडेनं वळायचं शिकून घेतलं. बोटांना दोन धनी झाले होते, आणि दोघांनाही खूश ठेवायचं होतं.

संध्याकाळी वाजवून झालं की अंजनाबाई कधी कधी बोलायची.

"मडमचं असं नोहतं."

"मंग कसं होतं?"

"पाह्यलं कुठी मी? साहेब ड्युटीवर गेला का ती दार लावून घे. मी बाहेर भांड्यावर. पण आवाज ये ना. तुझं कसं, टक टक, पायऱ्या उतरल्यावानी. तिचा सूर सरकत जाये. इथून निघे न् तिथपर्यंत जाये, मधात कुठी तुटे नाही. भांडं हातातच राहून जाये माझं."

"मीबी करीन तसं."

"करशीन," अंजनाबाई म्हणायची आणि उठून चुलीकडे जायची.

रविवार उजाडला. जयवंतानं सकाळपासून दोनदा वेणी घातली. दुपारी भैय्याजी पेटी घेऊन आला, आणि मागोमाग तेल चोपडलेल्या केसांचा, बेलबॉटम घातलेला, काडीसारखा लहानू मास्तर. त्याच्या खांद्याला कापडी खोळीत गिटार होती. ती पाहिल्याबरोबर जयवंतानं आपली गिटार जवळ ओढली. मामानं तिची जागा घेणारा माणूस तयारीनिशीच आणला होता.

"सुरू कर," भैय्याजी म्हणाला, आणि पेटीचा भाता हलू लागला.

पहिलं कडवं सुरेख गेलं. दुसऱ्याला दारात रंभाबाई येऊन उभी राहिली आणि मान डोलवू लागली. तिसऱ्या कडव्याच्या मध्यात जयवंताचं मनगट भरून आलं. तिनं दात आवळले, जोर लावला, मधलं बोट तारेवरून घसरलं, आणि गिटार खटकन थांबली. पेटी एकटीच थोडी पुढे गेली आणि मग तीही थांबली.

जयवंतानं हात पदराखाली घेतला. डोळे भरून आले ते तिनं खाली मान घालून परत पाठवले.

"दाखव," लहानू मास्तर म्हणाला.

"काय?"

"बोटं दाखव."

तिनं हात पुढे केला. त्यानं बोटांची टोकं नखानं वाजवून पाहिली.

"हे गिटारवालीचे बोटं आहेत का लोहाराचे?" तो म्हणाला. "आण इकडे ती गिटार."

त्यानं गिटार डोळ्यासमोर आडवी धरली, एक डोळा मिटून दांडीवरून नजर टाकली. मग तारांखाली करंगळी घातली. करंगळी आरामात गेली. लहानू मास्तर आधी गालात हसला, मग मोठ्यानं, आणि मग त्याला ठसकाच लागला.

"भैय्याजी! अरे बावा, काय करून राहिले तुम्ही लोक! ही हवाईयन गिटार आहे. ही मांडीवर आडवी घेतात. दाबाचीच नाही ही! वरतून लोखंड सरकवाचं, बस. म्हणून तं तारा अशा टांगून ठेवल्या. हे पाह्य, इथं दांडीच्या टोकाले, तारांच्या खाली उंचीची पट्टी घातली आहे. ही पोट्टी इतके दिवस हे दाबून राहिली?"

भैय्याजीनं उगाच पेटीवरची धूळ पुसली. लहानू मास्तरनं आपली खोळ सोडली आणि स्वतःची गिटार जयवंताच्या हातात दिली.

"ही वाजव."

जयवंतानं बोट ठेवलं. ठेवलं म्हणजे नुसतं ठेवलंच, आणि तार खाली! दाबायला काही उरलंच नव्हतं. सूर खणखणीत निघाला. तिनं दचकून मास्तरकडे पाहिलं, पुन्हा बोट ठेवलं, पुन्हा तेच. मग ती जी सुटली! पहिलं कडवं, दुसरं, तिसरं कधी आलं आणि गेलं तिला कळलंच नाही. चौथं संपल्यावर ती थांबलीच नाही, पहिल्यावर परत आली आणि दुप्पट वेगानं निघाली. भैय्याजी पेटीवर तिला गाठता गाठता घामाघूम झाला. रंभाबाईनं टाळ्या पिटल्या आणि गल्लीतल्या दोघींना हाका मारल्या. जयवंता हसत होती, मोठमोठ्यानं, आणि बोटं आपली आपण पळत होती.

"झालं!" लहानू मास्तर म्हणाला. "भैय्याजी, मले जयंतीची सुट्टी. एवढा जोर माह्या हातात नाही बावा."

"बेंजोवाले मेले!" भैय्याजीनं मांडीवर थाप मारली. "मेले समज!"

"पण माझी तं ही गिटार नाही," जयवंता म्हणाली.

"तुझीच अशी करून देतो. ही उंचीची पट्टी काढली का तारा खाली येते. पाच मिनिटाचं काम. फक्त एक सांगतो. तारा गंजल्या आहेत. एकदा ढिल्या करून पुन्हा ताणल्या तं टिकतीन. रोज काढ-घाल केली तं पटापट तुटतीन, न् अशा तारा इथं भेटत नाही. म्हणून एकदा काढली का काढली."

"काढा ना मंग!" जयवंता म्हणाली. तिला दम धरवत नव्हता.

लहानू मास्तरनं खुंटीला हात घातला आणि थांबला.

"याच्यासंग एक लोखंड असते. गुळगुळीत, एवढंसं. आहे का? आता तुमच्या कामाचं नाही, मले देऊन टाका."

चुलीकडून अंजनाबाईचा आवाज आला. "लसणाचं?"

ती लोखंड हातात घेऊनच बाहेर आली. लहानू मास्तरनं ते नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. सगळे जे हसले ते थांबेचनात. त्यानं लोखंड पँटीला पुसलं, मडमची गिटार मांडीवर आडवी घेतली, लोखंड तारांवर अलगद टेकवलं आणि सरकवलं.

सूर निघाला आणि सरकत गेला. एका जागेवरून निघाला आणि दुसऱ्या जागेपर्यंत गेला, मध्ये कुठेही न तुटता.

हसणं थांबलं. अंजनाबाई होती तिथेच खाली बसली.

"हेच," ती म्हणाली. "हेच वं ते, जयू. हेच."

मास्तरनं आणखी दोनदा वाजवलं. मग तिच्याकडे पाहून म्हणाला, "बाई, पाह्यता का सरकवून?"

"मी? माह्ये बोटं पाह्यले का गा?"

"बोटाचं कामच काय याच्यात? दाबाचं नाही. फक्त ठेवाचं न् सरकवाचं."

अंजनाबाईनं नको नको म्हणत मांडी घातली. वाकड्या बोटांत लोखंड बरोबर बसलं. तिनं तार छेडली आणि लोखंड सरकवलं. सूर थरथरत निघाला, थोडा भरकटला, पण सरकत गेला. अंजनाबाई हसली. पुढचे दोन दात पडल्यापासून ती तोंडावर पदर घेतल्याशिवाय कधी हसत नसे. आत्ता पदर तिच्या ध्यानातही नव्हता. तिनं पुन्हा सरकवलं, आणि पुन्हा, आणि मग एकदम भानावर येऊन गिटार मांडीवरून उतरवली.

"पुरे. पोरीची आहे. काढ गा ती पट्टी," ती मास्तरला म्हणाली. मास्तरनं गिटार ओढून पुन्हा खुंटीला हात घातला.

ती उठली. पण लोखंड तिनं ना मास्तरला दिलं ना चुलीपाशी ठेवलं. ते तिच्या हातातच होतं. सकाळी न मिटणारी मूठ त्याच्याभोवती घट्ट मिटली होती.

जयवंतानं त्या मुठीकडे पाहिलं. मग मास्तरच्या गिटारीकडे पाहिलं, जिच्यावर आत्ता तिची बोटं पळाली होती. ती गिटार तिनं मास्तरपुढे सारली.

"मास्तर, राहू द्या पट्टी."

"म्हंजे?"

"तारा उंचच राहू द्या."

"येडी झाली का वं?" भैय्याजी ओरडला. "तिसऱ्या कडव्यात पुन्हा मरशीन स्टेजवर! साऱ्या गल्लीच्या समोर!"

"नाही मरत. लोहाराचे बोटं आहेत ना?"

अंजनाबाई आत गेली होती आणि तिथून भांडी उगाच सरकवल्याचा आवाज येत होता. मास्तरनं खुंटीवरचा हात काढला.

"बस समोर," तो म्हणाला. "दाबाचीच असंन तं नीट दाब. दांडीवरच्या दोन आडव्या पट्ट्यांच्या मधात नाही दाबाचं. पुढच्या पट्टीले अगदी चिकटून. पाह्य, किती जोर वाचला? अन् अंगठा मागून, बरोबर मधात. हं. न् इतकी खाली कायले वाजवते? दांडीवर वर सरक, तिथं तार नरम पडते."

"वर सरकली तं सूर चढंल ना," जयवंता म्हणाली.

"चढू दे. भैय्याजी चढवंल आपला गळा."

"माह्या गळ्याचं काय होईन?" भैय्याजी कळवळला.

"तुरटीच्या पाण्यानं गुळण्या कर, मामा," जयवंता म्हणाली, आणि रंभाबाई दारात लोटपोट झाली.

जयंतीच्या दिवशी चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. बेंजोवाले मुद्दाम पुढच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. भैय्याजी असा टिपेला गात होता, की त्याच्या मानेच्या शिरा शेवटच्या रांगेतून दिसाव्यात. जयवंता खाली मान घालून वाजवत होती. पहिलं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याच्या मध्यात मनगट भरून आलं, तिनं अंगठा जरा सरकवला, बोट दांडीवरच्या पट्टीला चिकटवलं आणि ती पुढे निघाली. चौथं सुरू झालं तेव्हा कुठे तिनं मान वर केली. गर्दीत लहानू मास्तर शेजारच्या माणसाचा दंड धरून सांगत होता, "तारा उंच आहेत, भाऊ! उंच आहेत त्या तारा!" शेजारच्याला काही कळत नव्हतं, पण तोही टाळ्या वाजवत होता. शेवटचा सूर पडला आणि चौक उठला. बेंजोवालेसुद्धा उठले, आता ते खुशीनं की नाइलाजानं, हे त्यांचं त्यांना ठाऊक. बायकांच्या रांगेत अंजनाबाई उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. तिनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जयवंता अंगणात सूप घेऊन बसली. बोटांना ठणका होता, पण गोड ठणका होता. गल्लीतून जाणारी पोरं तिला पाहून वाकून गिटार वाजवल्याचा अभिनय करत होती आणि ती त्यांना पानं फेकून मारत होती.

"लसूण ठेचून ठेवला आहे," अंजनाबाई आतून म्हणाली. "चुलीपाशी दगड आणला आहे नवा. तोच घेत जाय आता."

"बरं."

"अन् मले जरा काम आहे आत."

अंजनाबाईनं दार लावून घेतलं. जयवंतानं पान उचललं, तंबाखू भरली, अंगठ्याच्या कडेनं वळायला घेतलं. दाराआडून एक सूर निघाला, थरथरला, आणि सरकत सरकत लांबवर गेला.

बिडी तिच्या हातातच राहून गेली.